उघाडी, रहाट आणि पंपिंग स्टेशन

खाडीकाठच्या गावात जुनी उघाडी अजून कुठे कुठे दिसते. खाडीचं खारं पाणी अडवणाऱ्या खारबांधाच्या पोटात दगडी मोरी आणि तिच्या खाडीकडच्या तोंडावर वरून टांगलेली जाड लाकडी फळी. भरती चढली की खाडीचं पाणीच ती फळी मोरीवर दाबून धरतं. ओहोटी लागली की शेतातलं पाणी आतून रेटा देतं आणि वाट काढतं. वीज नाही, माणूस नाही. पेण-अलिबागच्या पट्ट्यात असे बांध घालून त्यांची निगा राखणाऱ्यांना शिलोत्रदार म्हणत. पुढे 1948 चा मुंबई खारभूमी कायदा आला, 1979 मध्ये महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियम आला, आणि बांधांची जबाबदारी बरीचशी सरकारकडे गेली.

मुंबईतल्या आजच्या पर्जन्यजल पंपिंग स्टेशनांकडे पाहिलं की मला आधी ही फळी आठवते. तिथली दारं लोखंडी आणि अवाढव्य आहेत, पण काम तेच: भरतीला बाहेरचं पाणी बाहेर ठेवायचं. फरक दाराच्या आतल्या बाजूला आहे. उघाडी मिटली की पावसाचं पाणी थांबायला खाचरं होती, आणि भात चार-सहा तास पाण्यात राहिला म्हणून मरत नाही. त्या खाचरांवर इमारती आल्या. पाण्याला थांबायला जागा उरली नाही, म्हणून पंप आणावा लागला. कोकणात पर्जन्यजलाचा पंप बेतताना पहिला हिशेब हाच असतो: दार किती तास बंद राहणार आणि तोवर पाणी साठवायला किती जागा आहे? आपल्या किनाऱ्यावर साधारण साडेबारा तासांत एक भरती-ओहोटी पुरी होते, त्यामुळे हा प्रश्न दिवसातून दोनदा उभा राहतो.

नवी मुंबई वसवताना सिडकोने याचं उत्तर धारण तलावांत शोधलं. खाडीच्या भरतीपेक्षा खालच्या जमिनीवर नोड, म्हणजे वसाहती, उभे राहिले आणि मध्ये तलाव राखले. भरतीत पाणी तलावात थांबतं, ओहोटीला दारातून जातं. म्हणजे खाचराचीच शहरी आवृत्ती. तलाव गाळाने भरत गेला की तेवढी जागा कमी होते आणि तेवढंच काम पंपावर येऊन पडतं.

मुंबईला एवढी मोकळीक नव्हती. 1985 च्या पुरानंतर अभ्यास सुरू झाला आणि 1993 मध्ये ब्रिमस्टोवॅड या पर्जन्यजल-निचरा योजनेचा अहवाल आला. जुनी गटारं ताशी 25 मिलिमीटर पावसासाठी होती, ती 50 मिलिमीटरसाठी करायची असं ठरलं. काम रेंगाळलं. मग 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दुपारी समुद्रालाही मोठी भरती होती. त्यानंतर हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध अशी स्टेशनं उभी राहिली. तिथल्या मोठ्या पंपांची ताकद एकेकी सेकंदाला 6,000 लिटर. आकडा प्रचंड वाटतो, पण जरा हिशेब मांडा. एका हेक्टरवर ताशी 50 मिलिमीटर म्हणजे तासाला 500 घनमीटर, सेकंदाला सुमारे 139 लिटर. सगळंच पाणी वाहून आलं तर असा एक पंप जेमतेम 43 हेक्टर सांभाळतो.

पिण्याच्या पाण्याची गोष्ट वेगळ्या वाटेने आली. मुंबईला ते मुळात उताराने मिळालं: 1860 चा विहार, 1879 चा तुळशी, 1892 चा तानसा. गावांकडे मात्र उपसण्यावाचून गत्यंतर नव्हतं. दक्षिणेत लाट, म्हणजे एका टोकाला वजन असलेला उपसण्याचा आडवा वासा, उत्तरेत आणि मध्य कोकणात रहाट. चाकावरच्या माळेला बांधलेले लोटे भरून वर येत, पन्हळीत ओतत, तिथून पाटाने पाणी पोफळीच्या आळ्यांत. माळ किती लांब? वैशाखात विहीर जिथवर आटते तिथवर. लोटा केवढा? बैलाला, किंवा पायरहाट असेल तर माणसाच्या पायांना, झेपेल तेवढा. खोली, वेग आणि ताकद यांचा मेळ प्रत्येक विहिरीपुरता वेगळा घालावा लागे. शेजारच्या वाडीची माळ आणून चढवली की लोटे तळाला आपटायचे किंवा अधांतरी लोंबकळायचे.

केंद्रोत्सारी पंप, म्हणजे पात्यांचं चाक गरगर फिरवून पाणी बाहेर फेकणारा, 1851 च्या लंडन प्रदर्शनात अ‍ॅपोल्डने वाकड्या पात्यांचा करून दाखवला, आणि 1920 च्या दशकात किर्लोस्करवाडीत तो बनू लागला. बागायतदारांकडे आधी इंजिन आलं, मग वीज. पण हवेच्या दाबावर पाणी फार तर 10 मीटर ओढलं जातं, व्यवहारात सहा-सात. कोकणातली विहीर मे महिन्यात तळ दाखवते आणि आषाढात काठोकाठ भरते. मग पंप विहिरीच्या पोटातल्या फळीवर बसवायचा आणि मृगाच्या आधी चार जणांनी दोर लावून वर काढायचा. एखाद्या वर्षी पाऊस दोन दिवस आधी आला की मोटर बुडालीच, पुढची वारी रिवाइंडिंगवाल्याकडे. पाण्यात बुडूनच चालणाऱ्या सबमर्सिबल मोटरने ही कटकट संपवली.

नळपाणी योजनेत जॅकवेल, म्हणजे पंप बसवलेली विहीर, नदीकाठी आणि टाकी वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या कातळावर. मधल्या चढाला लाइट गेली की खरी परीक्षा होते. लोखंडी नळातून सेकंदाला एक मीटर वेगाने चाललेलं पाणी एकदम थांबलं तर जवळजवळ 100 मीटर उंचीच्या पाण्याइतका जादा दाब उसळतो. रशियन शास्त्रज्ञ झुकोव्हस्कीने मॉस्कोत 1890 च्या दशकात हे गणित मांडलं. कोकणात लाइट जायला मुहूर्त लागत नाही, त्यामुळे पाणी उलटं येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि नळात हवा आत-बाहेर सोडणारा एअर व्हॉल्व्ह ही काटकसर करायची जागा नव्हे. नेमकी तिथेच काटकसर होते.

सांडपाण्याला मान सर्वांत उशिरा मिळाला. त्याचा संप, म्हणजे पंपाआधी ते साठवणारी टाकी, लहान केला तर पंप सारखा चालू-बंद होऊन मोटर जळते, मोठा केला तर मैला सडून वायू धरतो आणि काँक्रीट खातो. पंपाचा प्रवाह गुणिले दोन चालू होण्यांमधला वेळ, भागिले चार, हा जुना हिशेब आहे. सेकंदाला 20 लिटरचा पंप तासाला 10 वेळा चालू व्हायचा तर 1,800 लिटर पुरतात. पण ही पंप चालू आणि बंद होण्याच्या पातळ्यांमधली जागा झाली, अख्खा संप नव्हे. त्यात मे महिन्यात पर्यटकांनी गाव भरतं आणि श्रावणात मैल्याच्या गटारात पागोळ्यांचंही पाणी शिरतं. छापील कॅटलॉगमधून उचललेलं स्टेशन या दोन महिन्यांपैकी एकात तरी मार खातं. त्यावर खारं वारं. पॅनलचे स्क्रू दुसऱ्या पावसाळ्यात हाताला लागतात ते गंजाच्या भुकटीसारखे.

शहरातल्या स्टेशनांत पंपाच्या आधी जाळ्या असतात, कचरा ओढून काढायला यंत्रं असतात. गावच्या उघाडीला काही नसतं. पाण्याची एक रिकामी बाटली फळीच्या सांध्यात आडवी अडकली की फळी चार बोटं उघडी राहते. पुढच्या उधाणाला खारं पाणी रात्रभर आत येतं, आणि सकाळी शेताच्या बांधावर खेकडे फिरताना दिसतात.