पहिल्या पोर्टवरचं बटण

सिस्को कंपनीने २०१३ मध्ये एक सूचना काढली, ती वाचून नेटवर्कवाल्यांना हसावं की रडावं कळेना. कॅटलिस्ट ३६५० आणि ३८५० मालिकांतल्या ४८ पोर्टच्या (केबल खोचायच्या खाचांच्या) स्विचवर, म्हणजे ऑफिसातली यंत्रं एकमेकांना जोडणाऱ्या पेटीवर, ‘मोड’चं बटण पहिल्या पोर्टच्या अगदी डोक्यावर बसवलेलं होतं. टोकाच्या प्लगवर रबरी बूट, म्हणजे प्लगची क्लिप झाकणारं टोपण, असलेली केबल त्या पोर्टमध्ये खोचली की काही बुटांचा वरचा फुगवटा बटणावर टेकायचा आणि ते दाबूनच धरायचा. हे बटण काही सेकंद दाबून ठेवणं म्हणजे स्विचला ‘सगळं विसर, नव्याने सुरू हो’ असं सांगणं. केबल लावणारा माणूस पाठ फिरवतो न फिरवतो तोच स्विच कोरा व्हायचा.

पण मुळात बूट आला कशासाठी? आपण ज्याला सरसकट आरजे-४५ म्हणतो, तो प्लग टेलिफोनच्या घराण्यातला. सत्तरच्या दशकात अमेरिकेत बेल या टेलिफोन कंपनीच्या फोनसाठी असे प्लग रूढ झाले. भिंतीतल्या खाचेत एकदा खोचला की वर्षानुवर्षं कुणी हात लावायचं नाही, अशा वापराला प्लग जागेवर धरणारी ती प्लॅस्टिकची पातळ क्लिप पुरेशी होती. १९९० मध्ये १०बेस-टी हे इथरनेटचं, म्हणजे केबलने संगणक जोडायच्या पद्धतीचं, मानक आलं आणि आठ तारांचा तसाच प्लग ऑफिसातल्या केबलींच्या गुंत्यात येऊन पडला. गुंत्यातून केबल उलटी ओढली की क्लिप दुसऱ्या वायरीत अडकते आणि कट्कन तुटते. क्लिप गेलेली केबल पोर्टमध्ये बसलेली दिसते, दिवाही लागतो, आणि टेबलाला जरा धक्का लागला की नेट जातं. एका ऑफिसात अशी केबल महिनाभर सेलोटेपवर तगलेली मी पाहिली आहे.

त्याआधीचे दिवस बरे होते असंही नाही. जाड पिवळ्या केबलीच्या काळात संगणकाला लागणारा १५ पिनांचा कनेक्टर सरकत्या पट्टीने अडकवायचा असे. पट्टी सैल पडायची आणि केबलीच्या वजनाने तो निसटायचा. नंतरच्या, टीव्हीच्या केबलीसारख्या, पातळ कोअ‍ॅक्समध्ये सगळी यंत्रं एकाच माळेत ओवलेली, दोन्ही टोकांना ५० ओहमचे टर्मिनेटर, म्हणजे तारेचं टोक बंद करणारी बुचं. कुणी टेबल सरकवताना माळ मध्येच सुटली की सगळ्यांचंच नेटवर्क बसायचं. मग कोण कुठे टेबल सरकवत होतं, हे शोधत फिरायचं. त्या मानाने एका क्लिपमागे एकाचंच नेट जाणं ही प्रगतीच म्हणायची.

तर क्लिप वाचवायला बूट आला, आणि बुटाला जागा ठेवायचं स्विचवाल्यांच्या ध्यानात राहिलं नाही. सिस्कोने सुचवलेले उपायही साधेच होते: बिनबुटाची केबल वापरा, बूट कापून टाका, नाहीतर ‘नो सेटअप एक्सप्रेस’ ही कमांड देऊन बटणाचं ते काम बंद करा. ब्लेड हाताशी असल्यामुळे ज्यांनी दुसरा उपाय निवडला, त्यांची क्लिप पुन्हा उघडी पडली.