एकच नाव, दोन लेन्स: क्रॉपची ३५ एफ/१.२ आणि फुल फ्रेमची ३५ एफ/१.२

मिररलेस कॅमेऱ्यासाठी नवी मॅन्युअल फोकस प्राइम (झूम न होणारी, हाताने फोकस करायची लेन्स) येणार अशी कुणकुण लागली की आधी दोनच आकडे कानावर येतात: फोकल लेंग्थ आणि ॲपर्चर. "३५ एमएम, एफ/१.२" एवढं ऐकलं की बेळगावपासून निपाणी-खानापूरपर्यंत लग्नाच्या फोटोंची कामं करणारे हिशोब मांडायला बसतात. ती लेन्स कोणत्या सेन्सरसाठी घडवली आहे, ही तिसरी गोष्ट माहितीपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात असते. बुकिंगचे पैसे भरून झाल्यावर ती वाचणारे बरेच जण भेटतात.

उदाहरण समोर असलेलं बरं. जपानच्या कोसिना कंपनीच्या फोख्टलेंडर मालिकेत "नॉक्टन ३५ एमएम एफ/१.२" हे नाव एकाहून जास्त लेन्सना आहे. फुजीच्या एक्स माउंटची (माउंट म्हणजे बॉडीवर लेन्स बसते ती जागा) नॉक्टन क्रॉप सेन्सरसाठी, म्हणजे लहान, एपीएस-सी सेन्सरसाठी आहे. तिचं वजन १९६ ग्रॅम आणि फिल्टर ४६ एमएमचा. सोनीच्या ई माउंटची एसई नॉक्टन फुल फ्रेमसाठी, म्हणजे मोठ्या सेन्सरसाठी आहे. वजन ३८७ ग्रॅम, फिल्टर ५८ एमएमचा. निकॉनच्या झेड माउंटमध्ये तर दोन्ही प्रकार मिळतात, दोन्ही एकाच बॉडीवर बसतात, आणि नावात फरक एका अक्षराचा: क्रॉपच्या लेन्सवर ३५ च्या आधी "डी" असतो. सेकंडहँड घेताना हा "डी" नजरेतून सुटला तर काय होतं ते पुढे येईलच. एफ/०.९५ च्या बाबतीतही हेच. सेव्हन आर्टिझन्सची ५० एमएम एफ/०.९५ क्रॉपसाठी आहे, मिताकॉनची स्पीडमास्टर ५० एमएम एफ/०.९५ फुल फ्रेमसाठी. आकडे तेच, सेन्सर वेगळे.

दोघींत सारखं काय आहे ते आधी पाहू. ३५ ला १.२ ने भागलं की २९ येतात. म्हणजे समोरून पाहिल्यावर दिसणारं ॲपर्चरचं भोक दोन्ही लेन्समध्ये साधारण २९ एमएमचं. सेन्सरच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर पडणारा प्रकाशही सारखाच. त्यामुळे एकाच मंडपात, एकाच उजेडात दोन्हींना एफ/१.२, १/२५०, आयएसओ १६०० हेच एक्स्पोजर लागेल. "क्रॉपवर १.२ चं १.८ होतं, म्हणून शटर कमी ठेवावं लागतं" असं कोणी सांगितलं तर ते चूक आहे. शटरचा हिशोब १.२ नेच करायचा.

फरक आहे तो चित्राच्या वर्तुळात. अंधारात भिंतीवर बॅटरी मारली की उजेडाचा गोल पडतो, तसाच गोल लेन्स सेन्सरवर पाडते. क्रॉप सेन्सरचा कर्ण २८ एमएम, फुल फ्रेमचा ४३ एमएम. क्रॉपच्या लेन्सने २८ चा गोल नीट भरला की तिचं काम झालं. मधला भाग धारदार करणं त्यामानाने सोपं असतं, जड जातं ते कडेला तिरप्या येणाऱ्या किरणांना वळणावर आणणं. फुल फ्रेमच्या लेन्समध्ये जास्तीचं वजन, मोठी काच आणि जास्तीचे पैसे जातात ते मुख्यतः या कडांसाठी. निकॉनने २०१९ मध्ये आणलेली ५८ एमएम एफ/०.९५ नॉक्ट ही मॅन्युअल फोकस लेन्स २ किलोची आहे, तिचा फिल्टर ८२ एमएमचा आणि आत १७ काचा. कोपरा न कोपरा सांभाळायचा म्हटलं की गाडी इथपर्यंत जाते.

आता गुणाकार. क्रॉपवर ३५ एमएम म्हणजे फुल फ्रेमचं साधारण ५० (३५ × १.५ = ५२.५), हे सगळ्यांना पाठ असतं. पण पार्श्वभूमी किती विरघळेल याची तुलना करायची तर ॲपर्चरलाही १.५ ने गुणावं लागतं: १.२ × १.५ = १.८. म्हणजे क्रॉपवरची ३५ एफ/१.२ फुल फ्रेमवरच्या ५० एफ/१.८ सारखं चित्र देते. नॉइजचंही तसंच. फुल फ्रेमचं क्षेत्रफळ क्रॉपच्या सव्वादोन पटीहून थोडं जास्त असल्याने एकूण प्रकाशही तेवढा जास्त गोळा होतो, आणि साधारण एका स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) फायदा मिळतो. क्रॉपवर आयएसओ १६०० ला जेवढे दाणे दिसतात, तेवढे फुल फ्रेमवर साधारण ३६०० ला दिसतील, सेन्सर एकाच पिढीचे असले तर. ज्यांच्याकडे फुल फ्रेम बॉडी आणि ऑटोफोकसची साधी ५० एफ/१.८ आहे, त्यांनी नवी क्रॉपची ३५ एफ/१.२ "काहीतरी वेगळं देईल" म्हणून घेऊ नये. हाताशी आहे तेच चित्र मिळेल, शिवाय फोकस हाताने करावा लागेल.

शार्प पट्टा किती मिळतो यावर वाद होतात, कारण दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या असतात. दीड मीटरवर उभं राहून एफ/१.२ ला फोटो काढला तर क्रॉपवर साधारण ९ सेंटीमीटरचा पट्टा शार्प राहतो आणि फुल फ्रेमवर १३. म्हणजे जागा न सोडता तुलना केली तर क्रॉपचा पट्टा अरुंद, कारण त्याच आकाराच्या प्रिंटसाठी त्याचं चित्र जास्त मोठं करावं लागतं. पण फुल फ्रेमवर ३५ एमएममध्ये माणूस लहान दिसतो. चेहरा तेवढाच मोठा हवा म्हणून तुम्ही १ मीटरवर येता, आणि पट्टा ६ सेंटीमीटरवर येतो. लग्नात आपण चौकट बघून पुढे-मागे होतो, म्हणून कामाचा आकडा हा दुसरा. अर्थात १ मीटरवरून ३५ ने काढलेल्या चेहऱ्यात नाक थोडं पुढे येतं. नवरीच्या पोर्ट्रेटला दीड मीटरवरून क्रॉपवर काढलेला फोटोच जास्त सुबक दिसतो.

जागेचा हिशोबही करून ठेवा. ३ मीटरवरून फुल फ्रेमवर ३५ एमएममध्ये आडवं साधारण ३ मीटर रुंदीचं दृश्य मावतं, क्रॉपवर २ मीटरचं. शहापूरच्या जुन्या घरात सोप्यावर हळद चाललेली असते, पाठीमागे भिंत आणि पुढ्यात पाटावर नवरा. तिथे हा एक मीटर म्हणजे दोन्हीकडच्या आत्या-मावशा चौकटीत येणार की कापल्या जाणार, हा प्रश्न असतो. अशा घरांत क्रॉपसाठी ३५ ऐवजी २३ एमएम बघावी. वडगावच्या मागावर उलट होतं. विणकराचा हात आणि धोटा एवढंच घ्यायचं असलं तर क्रॉपची घट्ट चौकट बरी पडते. दोन्ही नॉक्टन ०.३ मीटरपर्यंत जवळ जातात. हे अंतर सेन्सरपासून मोजतात, लेन्सच्या तोंडापासून नाही. तेवढ्या जवळून एफ/१.२ ला क्रॉपवर जेमतेम २ ते ३ मिलिमीटर शार्प राहतं आणि फुल फ्रेमवर ४ च्या आत. ताण्याचे धागे धारदार आले तर बोटाचं नख मऊ पडतं. तिथे एफ/४ च्या अलीकडे येऊ नका. दिवाळीत पोरांनी केलेल्या किल्ल्याचंही तसंच: पणतीच्या उजेडात एफ/१.२ ला बुरुजावरचा एकच मावळा शार्प येतो, त्याच्या मागचा मातीचा ठिपका होतो.

बेळगावच्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक रात्रभर चालते, आणि अशा लेन्सचा खरा कस तिथे लागतो. पथदिवे आणि रथावरचे दिवे मिळून एफ/१.२, १/२५०, आयएसओ १६०० असं काहीतरी जमतं. तोच फोटो एफ/४ च्या झूमने घ्यायचा तर आयएसओ १६००० च्या पुढे जावं लागेल. पण लेझीम खेळणाऱ्या पोरावर एफ/१.२ ला हाताने फोकस धरत बसू नका. रिंग ३ मीटरवर लावून ठेवा, ॲपर्चर एफ/२ करा आणि माणूस त्या अंतरावर आला की दाबा. एफ/२ ला ३ मीटरवर फुल फ्रेममध्ये साधारण ९० सेंटीमीटरचा पट्टा मिळतो, क्रॉपवर ६०. एफ/१.२ ला हेच आकडे ५३ आणि ३५ होतात. नाचणाऱ्या माणसाचा एक हेलकावा तेवढ्यात मावत नाही.

आता "डी" वाचायचा राहून गेला तर. क्रॉपची लेन्स फुल फ्रेम बॉडीवर बसते, पण तिचा गोल अपुरा पडतो आणि चारही कोपरे काळे येतात. संपर्क पिना (लेन्सची माहिती बॉडीला देणारे विजेचे संपर्क) असलेली लेन्स असली तर बॉडी तिला ओळखून आपोआप क्रॉप मोडमध्ये जाऊ शकते. पिना नसल्या तर क्रॉप मोड मेनूतून तुम्हालाच लावावा लागतो. दोन्ही वेळी २४ मेगापिक्सेलच्या बॉडीतून साधारण १० मेगापिक्सेल हाती येतात. मोबाइलवर बघायला ते पुरतात, पण अल्बमच्या दोन पानांवर पसरणारा फोटो त्यात ओढाताणीचा होतो.

उलटी जोडी, म्हणजे फुल फ्रेमची लेन्स क्रॉप बॉडीवर, निर्धोक आहे. गोलाचा फक्त मधला भाग वापरला जातो, त्यामुळे कोपऱ्यांचा अंधार आणि कडेचे लिंबासारखे चपटे झालेले दिव्यांचे गोळे बरेचसे बाहेर राहतात. किंमत म्हणून दुप्पट वजन गळ्यात येतं. पुढच्या वर्ष-दोन वर्षांत फुल फ्रेम घ्यायचं नक्की असेल तर आत्ताच फुल फ्रेमची घ्या. फुजी एक्सवाल्यांपुढे हा प्रश्नच नाही, कारण त्या माउंटला फुल फ्रेम बॉडी नाही.

लेन्स हातात आल्यावर पहिल्या दिवशी ज्या तक्रारी होतात, त्यातल्या बऱ्याच लेन्सच्या नसून सेटिंगच्या असतात. पिना नसलेल्या लेन्सवर शटरच पडत नाही, कारण बॉडीला वाटतं लेन्सच लावलेली नाही. सोनीत "रिलीज विदाउट लेन्स" आणि फुजीत "शूट विदाउट लेन्स" चालू करा. दुसरं, बॉडीतल्या स्टॅबिलायझेशनला (हाताचा कंप सेन्सर हलवून सावरणाऱ्या सोयीला) फोकल लेंग्थ हाताने सांगावी लागते. तिथे लेन्सवर छापलेले ३५ च घालायचे. क्रॉप आहे म्हणून ५२ घातले तर सेन्सर गरजेपेक्षा जास्त हलतो आणि फोटो उलट जास्त हललेला येतो.

फोकस करताना पीकिंगच्या लाल रेषांवर (फोकसमधल्या कडा म्हणून कॅमेरा दाखवतो त्या) एफ/१.२ ला विसंबू नका. कॉन्ट्रास्ट जास्त असेल तिथे, म्हणजे जरीच्या काठावर किंवा मुंडावळ्यांवर, त्या आधी चमकतात, आणि डोळा तीन-चार सेंटीमीटर मागे राहतो. क्रम असा ठेवा: ॲपर्चर जिथे फोटो काढायचा तिथेच उघडं, चौकट ठरवा, जवळच्या डोळ्यावर भिंग (कॅमेऱ्यातलं चित्र मोठं करून दाखवणारी सोय) आणा, रिंग फिरवून थोडी पुढे जाऊ द्या आणि परत आणा, भिंग बंद न करता दाबा. मग स्वतः किंचित मागे-पुढे झुकत आणखी दोन फ्रेम घ्या. तिघांतला एक हमखास लागतो.

भर दुपारच्या उन्हात एफ/१.२ आणि आयएसओ १०० ला शटर १/१८००० च्या आसपास लागतं. मेकॅनिकल शटर १/४००० किंवा १/८००० ला संपतं. राजहंसगडावर प्री-वेडिंग करायचं तर एनडी८ (प्रकाश आठ पटीने कमी करणारा काळसर फिल्टर) लावा, शटर १/२२०० वर येईल. बॉडीचा आयएसओ २०० पासून सुरू होत असेल तर एनडी१६ लागेल. फिल्टर ५८ चा घेऊन ४६ च्या लेन्सला स्टेप-अप रिंग लावली की दोन्हीकडे चालतो. आणि १/१००० च्या पुढे इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन (शटरची सुरुवात पडद्याऐवजी सेन्सरवरच करणारं सेटिंग) बंद करून पूर्ण मेकॅनिकल शटर वापरा. नाहीतर मागच्या उजेडाचे गोळे एका बाजूने कापल्यासारखे येतात, आणि दोष लेन्सच्या माथी जातो.

नव्या लेन्सचं माहितीपत्रक येईल तेव्हा जाहिरातीतला मोठा आकडा बाजूला ठेवून आधी तीन ओळी शोधा: चित्राचं वर्तुळ किंवा सेन्सरचं नाव, फिल्टरचा व्यास, वजन. सेन्सरचं नाव कुठेच सापडलं नाही तर बाकीच्या दोनांवरून अंदाज बांधता येतो. ३५ एफ/१.२ चा फिल्टर ४६ च्या आसपास आणि वजन २०० ग्रॅमच्या जवळ असेल तर ती बहुधा क्रॉपची समजा. फिल्टर ५८ किंवा त्याहून मोठा आणि वजन ४०० च्या घरात असेल तर फुल फ्रेमची. त्यानंतर संपर्क पिना आहेत का ते बघा, आणि शेवटी किंमत. जमलं तर बुकिंगआधी आपली बॉडी घेऊन दुकानात जा, एफ/१.२ ला पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढा आणि चारही कोपरे मोठे करून पाहा.