आयएसओ फाइलवरून बूट होणारी डिस्क बर्न करणे

हार्ड डिस्कवरील ऑपरेटिंग सिस्टिम बिघडलेली असताना, किंवा ती मुळात बसवलेलीच नसताना, संगणक सुरू करता यावा यासाठी आयएसओ प्रकारच्या डिस्क इमेजवरून सीडी किंवा डीव्हीडी तयार करण्याची प्रक्रिया. ऑपरेटिंग सिस्टिम बसवणे, बंद पडलेल्या संगणकातील फाइली बाहेर काढणे, रॅमची चाचणी घेणे अशा कामांसाठी ही डिस्क वापरतात.

आयएसओ फाइल ही संपूर्ण डिस्कची सेक्टरमागून सेक्टर (सेक्टर म्हणजे डिस्कवरील माहितीचा ठरावीक आकाराचा तुकडा) अशी नक्कल असते. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या आयएसओ ९६६० या मानकावरून तिला हे नाव मिळाले. या रचनेत सेक्टर २,०४८ बाइटचा असतो, सुरुवातीचे १६ सेक्टर राखीव असतात आणि क्रमांक १६ च्या सेक्टरपासून डिस्कचे वर्णन सुरू होते. बूट करण्याची निश्चित पद्धत मात्र फिनिक्स टेक्नॉलॉजीज व आयबीएम यांनी जानेवारी १९९५ मध्ये मांडलेल्या ‘एल टोरिटो’ या विनिर्देशाने घालून दिली. त्यानुसार संगणकाचे बायॉस (संगणक चालू होताच प्रथम चालणारा अंगभूत प्रोग्रॅम) थेट क्रमांक १७ चा सेक्टर वाचते. तेथे बूट कॅटलॉग कोणत्या सेक्टरवर आहे हे नोंदलेले असते, आणि बूट प्रोग्रॅम कोठून उचलायचा व त्याचा किती भाग रॅममध्ये आणायचा हे तो कॅटलॉग सांगतो. सुरुवातीच्या काळातील पुष्कळ डिस्कमध्ये १.४४ एमबी फ्लॉपीची प्रतिमाच ठेवलेली असे व बायॉस तिला खरी फ्लॉपी समजून चालवीत असे. पुढे अशा सोंगाशिवाय बूट करण्याची पद्धत रूढ झाली. यूईएफआय (बायॉसच्या जागी आलेली नवी व्यवस्था) असलेल्या संगणकांसाठी त्याच कॅटलॉगमध्ये वेगळी नोंद असते.

या साखळीत फाइलींच्या नावांना सुरुवातीला काहीच महत्त्व नसते, महत्त्व असते ते जागेला, आणि या प्रक्रियेतील सर्वांत मोठी चूक हे लक्षात न घेतल्यामुळेच होते. आयएसओ फाइल इतर फाइलींसारखी डिस्कवर कॉपी केली, तर बर्निंगचा प्रोग्रॅम स्वतःची नवी रचना लिहितो आणि मूळ बूट नोंद त्या एका फाइलच्या पोटात कोठेतरी दडून राहते. आयएसओ उघडून आतील फाइली व फोल्डर डिस्कवर टाकले तरी तेच घडते. सर्व फाइली डोळ्यांना दिसतात, पण कॅटलॉगकडे नेणारी नोंद नसते. म्हणून प्रोग्रॅममधील ‘इमेज बर्न करा’ या अर्थाचाच पर्याय निवडावा लागतो. विंडोज ७ पासून ही सोय विंडोजमध्येच आहे. लिनक्सवर केथ्रीबी, ब्रासेरो यांसारखे प्रोग्रॅम आहेत. झालेली डिस्क उघडल्यावर तिच्यात एकच आयएसओ फाइल दिसली, तर ती डिस्क वाया गेली असे समजावे.

बर्न करण्यापूर्वी उतरवून घेतलेल्या फाइलचा शा-२५६ चेकसम (फाइलमधील मजकुरावरून काढलेली, ती बिघडली आहे का हे ओळखण्याची खूण) प्रकाशकाने दिलेल्या चेकसमशी ताडून पाहणे आवश्यक आहे. ८० मिनिटांच्या सीडीत ३,६०,००० सेक्टर, म्हणजे ७३,७२,८०,००० बाइट मावतात. एकथरी डीव्हीडीत सुमारे ४७० कोटी. आजच्या अनेक इन्स्टॉलेशन डिस्कच्या प्रतिमा त्याहून मोठ्या असल्याने त्यांना दुथरी डीव्हीडी लागते.

एकदाच लिहिता येणाऱ्या डिस्कवर लेसरच्या उष्णतेने रंगद्रव्याच्या थरावर खुणा उमटतात. लेखन सलग व्हावे लागते. जुन्या ड्राइव्हमध्ये माहितीचा पुरवठा क्षणभर खंडला तरी डिस्क निकामी होई, पुढच्या ड्राइव्हमध्ये लेखन थांबवून नेमके तेथूनच पुढे चालू करण्याची व्यवस्था आली. तरीही डिस्क किंवा ड्राइव्ह जुना असेल तर मध्यम वेग निवडणे शहाणपणाचे ठरते.

लिहून झाल्यावर डिस्क परत वाचून मूळ फाइलशी ताडतात. येथे एक बारकावा आहे. ‘ट्रॅक-ॲट-वन्स’ म्हणजे एकेक ट्रॅक स्वतंत्रपणे लिहिण्याच्या पद्धतीने लिहिलेल्या सीडीच्या शेवटी दोन जादा सेक्टर येतात. ते वाचताना त्रुटी दिसते किंवा चेकसम जुळत नाही, आणि चांगली डिस्क खराब ठरवली जाते. आयएसओ फाइलच्या आकाराला २,०४८ ने भागून येतील तेवढेच सेक्टर वाचले म्हणजे खरा निकाल कळतो.

डिस्क वापरताना बूटच्या क्रमात ऑप्टिकल ड्राइव्ह हार्ड डिस्कच्या आधी ठेवावा लागतो. सिक्युअर बूट ही यूईएफआयमधील सुरक्षेची सोय चालू असल्यास मान्य डिजिटल स्वाक्षरी नसलेला बूट प्रोग्रॅम नाकारला जातो, त्यामुळे निर्दोष डिस्कही बूट होत नाही.

आता बहुतेक ठिकाणी पेन ड्राइव्हने डिस्कची जागा घेतली आहे. अनेक लिनक्स वितरणांच्या आयएसओ फाइलींमध्ये सुरुवातीच्या राखीव सेक्टरांतच हार्ड डिस्कसारखी बूट नोंद भरलेली असते, त्यामुळे तीच फाइल डिस्कवर आणि पेन ड्राइव्हवरही चालते. मात्र व्हायरसची शंका असलेला संगणक तपासताना एकदाच लिहिता येणारी, पूर्ण बंद केलेली (पुढे काहीही लिहिता येणार नाही अशी) डिस्क अधिक भरवशाची असते, कारण तिच्यावरील मजकूर त्या संगणकातील कोणताही प्रोग्रॅम बदलू शकत नाही.