डेकवरच्या कुंडीसाठी ट्रम्पेट व्हाइन की ट्रम्पेट हनीसकल?

न्यू जर्सी किंवा व्हर्जिनियातल्या घराच्या डेकवर हमिंगबर्ड यावेत म्हणून कुंडीत लावायचा वेल शोधणाऱ्याला नर्सरीत ही दोन नावे हमखास ऐकू येतात. दोन्ही वेल मूळचे अमेरिकेच्या पूर्व भागातले, दोहोंची फुले तांबूस व नळीसारखी, आणि त्या भागात विणीसाठी येणारी हमिंगबर्डची एकमेव जात, म्हणजे जेमतेम ३ ग्रॅम वजनाचा रूबी-थ्रोटेड, दोहोंवर मध प्यायला येतो. त्यामुळे एकाऐवजी दुसरा घरी आणला जाणे सहज घडते.

फुले नसतील तेव्हा पान पाहावे. ट्रम्पेट व्हाइनचे, म्हणजे कॅम्प्सिस रॅडिकन्सचे, पान संयुक्त असून त्यावर साधारण ७ ते ११ दातेरी पर्णिका असतात. ट्रम्पेट हनीसकलची, म्हणजे लोनिसेरा सेम्परव्हिरेन्सची, पाने साधी व समोरासमोर असतात आणि फुलांच्या गुच्छाखालची जोडी बुडाशी अशी जुळलेली असते की डहाळी एखाद्या बशीतून आरपार गेल्यासारखी दिसते.

खरी गोम चढण्याच्या पद्धतीत आहे. कॅम्प्सिस हवाई मुळांनी लाकडाला चिकटतो आणि ओढून काढला तरी कठड्यावर मुळांचे ठसे मागे राहतात. तो १० मीटरपर्यंत वाढतो, त्याची मुळे कुंडीच्या भोकातून जमिनीत उतरली की फुटवे भलतीकडेच वर येऊ लागतात, आणि त्याच्या संपर्काने काहींच्या त्वचेला खाजही सुटते. फुले मोठी व मधाने भरलेली असल्यामुळे मोह पडतो हे खरे, पण त्याची जागा घरापासून दूर, एखाद्या भक्कम खांबावर.

हनीसकल आधाराला वेटोळे घालत चढतो, म्हणून मोठ्या कुंडीत जाळी रोवली की काम भागते. शिवाय कॅम्प्सिसला बहर येतो तो भर उन्हाळ्यात, तर हनीसकल वसंतातच फुलू लागतो; एप्रिलच्या अखेरीस दक्षिणेकडून परतणाऱ्या पक्ष्याला तो रिकामा सापडत नाही. फुलांना वास जवळजवळ नसतो, पण पक्षी रंग पाहून येत असल्याने त्याचे काही अडत नाही.

त्याचा मुख्य बहर गेल्या वर्षीच्या फांद्यांवर येतो, म्हणून छाटणी बहर ओसरल्यावरच करावी. मावा पडल्यास पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढावा. हमिंगबर्ड बारीक कीटकही खातात, तेव्हा कीटकनाशक नकोच. खरेदी करताना मात्र लेबल नीट वाचावे, कारण हनीसकल याच नावाखाली पांढऱ्या, सुवासिक फुलांचा लोनिसेरा जापोनिकाही मिळतो, जो तिथल्या रानांत उपद्रवी ठरला आहे.