१९०५चा मिशिगन–शिकागो सामना : दोन गुणांमागची पार्श्वभूमी

मिशिगन विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाने १९०५च्या हंगामात १३ सामने खेळले, त्यांत ४९५ गुण मिळवले आणि अवघे २ गुण दिले. हे दोन गुण अखेरच्या सामन्यात गेले. ३० नोव्हेंबर १९०५ रोजी, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, शिकागो विद्यापीठाच्या मैदानावर मिशिगनचा संघ ०–२ असा हरला आणि सलग ५६ सामने अपराजित राहण्याची त्याची मालिका तिथे संपली. या पराभवाची हकिकत गेल्या सव्वाशे वर्षांत इतक्या वेळा सांगितली गेली आहे, की तिच्यातून बाकी सारे गळून एका खेळाडूची चूक तेवढी शिल्लक राहिली आहे. ती चूक नव्हती असे कोणी म्हणणार नाही. पण तिला पराभवाचे रूप देणारा नियम, त्या नियमाची संज्ञा आणि त्यानंतर दोन्ही विद्यापीठांनी धरलेल्या वेगळ्या वाटा यांकडे पाहिल्याशिवाय हा हंगाम समजत नाही.

मिशिगनच्या या संघाची घडण १९०१पासूनची. त्या वर्षी आलेले प्रशिक्षक त्याआधीच्या हंगामात कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठाकडे होते. तिथे माजी विद्यार्थ्यांनाच प्रशिक्षक नेमायचे ठरल्यामुळे त्यांना दुसरीकडे काम शोधावे लागले. पहिल्याच वर्षी त्यांच्या संघाने ११ सामन्यांत ५५० गुण मिळवले आणि एकही दिला नाही. त्यातला शेवटचा सामना १ जानेवारी १९०२ रोजी पॅसाडेना येथे झाला आणि समोर होता स्टॅनफर्डचाच संघ. ४९–० अशी स्थिती असताना स्टॅनफर्डने वेळ शिल्लक ठेवून सामना आवरता घेण्याची विनंती केली. पुढच्या वर्षी ६४४ विरुद्ध १२, त्यानंतर ५६५ विरुद्ध ६, आणि १९०४मध्ये ५६७ विरुद्ध २२. या काळात एकच सामना न जिंकता सुटला, तो ऑक्टोबर १९०३मध्ये मिनेसोटाविरुद्ध ६–६ असा बरोबरीत.

या संघाला ‘मिनिटाला एक गुण’ मिळवणारा संघ म्हणत. पाच हंगामांची बेरीज ५७ सामन्यांत २,८२१ गुण अशी होते, म्हणजे सामन्यामागे सुमारे साडेएकोणपन्नास. त्या काळी पूर्ण सामना ७० मिनिटांचा असे, म्हणजे काटेकोर हिशेबाने हे बिरुद बसत नाही. मात्र दुबळ्या संघांशी होणारे सामने दोन्ही बाजूंच्या संमतीने पुष्कळदा लवकर संपवले जात, हे धरले तर ते फारसे अतिशयोक्तही ठरत नाही. १९०५मध्येही हाच क्रम चालू होता: ओबर्लिन ७५–०, अल्बियन ७०–०, ओहायो वेस्लियन ६५–०. त्या मानाने चुरशीचा म्हणावा असा सामना विस्कॉन्सिनशी झाला आणि तोही १२–० असा जिंकला. थोडक्यात, शिकागोला पोहोचेपर्यंत या संघाच्या मागील फळीला आपल्या गोलरेषेजवळ, म्हणजे मैदानाच्या आपल्या टोकाच्या रेषेजवळ, दबावाखाली खेळण्याची सवयच उरली नव्हती. चुकीची चर्चा करताना ही बाब सहसा सांगितली जात नाही.

शिकागोची कथा वेगळी होती. विद्यापीठ नवे, १८९२पासून अध्यापन सुरू झालेले. पण त्याच वर्षापासून फुटबॉलचे प्रशिक्षक नेमलेले होते आणि त्यांना प्राध्यापकाचा दर्जा होता. विद्यापीठाचे नाव देशभर व्हावे यासाठी अध्यक्षांनी खेळाकडे पहिल्यापासून जाणीवपूर्वक पाहिले. तरीही मिशिगनपुढे काही चालत नव्हते: १९०१पासून ओळीने ०–२२, ०–२१, ०–२८ आणि १२–२२ असे चार पराभव पदरी होते. १९०५मध्ये मात्र शिकागोनेही सर्व सामने जिंकले होते आणि साऱ्या हंगामात केवळ ५ गुण दिले होते. मैदानाभोवती तात्पुरते बाकांचे मनोरे उभारून सुमारे २७ हजार प्रेक्षकांची सोय झाली. विद्यापीठाचे अध्यक्ष त्या वेळी कर्करोगाने अंथरुणाला खिळलेले होते आणि दूरध्वनीवरून त्यांना सामन्याची खबर दिली जात होती असे सांगतात. पुढच्या जानेवारीत त्यांचे निधन झाले.

सामना बव्हंशी लाथेचा झाला. चेंडू आपल्याकडे राखण्यासाठी तीन प्रयत्नांत पाच यार्ड काढायचे असताना आणि पुढे चेंडू फेकण्यास मुभाच नसताना, तुल्यबळ संघ स्वतःच्या अर्ध्या मैदानात फार काळ चेंडू ठेवीत नसत. तो लांब लाथाडून प्रतिस्पर्ध्याला मागे रेटणे हाच शहाणपणा मानला जाई. शिकागोचा क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईची सूत्रे हाती असलेला खेळाडू, या कामात त्या काळचा अव्वल खेळाडू होता. मिशिगनच्या ‘टॅकल’ या जागी, म्हणजे आघाडीच्या फळीत, खेळणाऱ्या एका खेळाडूने, चेंडू लाथाडून झाल्यावर, याच क्वार्टरबॅकला पाडले म्हणून पंचांनी त्याला मैदानाबाहेर काढले. मिशिगनच्या बाजूला तो निर्णय अखेरपर्यंत सलत राहिला. मध्यंतरापर्यंत गुणफलक कोरा होता.

दुसऱ्या डावात शिकागोच्या क्वार्टरबॅकने असाच एक लांब पंट (हातातून सोडलेल्या चेंडूला लाथ) मारला आणि चेंडू मिशिगनच्या गोलरेषेमागे गेला. मिशिगनच्या खेळाडूने तो तिथेच झेलला. तो जागीच थांबता तर ‘टचबॅक’ होऊन कोणालाच गुण मिळाला नसता. त्याने चेंडू घेऊन बाहेर धावायचे ठरवले. तो रेषा ओलांडून मैदानात शिरतो न शिरतो तोच शिकागोच्या खेळाडूंनी त्याला गाठले आणि उचलून परत रेषेमागे नेऊन पाडले. पंचांनी ‘सेफ्टी’, म्हणजे स्वतःच्याच गोलरेषेमागे चेंडूसह अडवले जाण्याची शिक्षा, दिली. शिकागोला दोन गुण. त्यानंतर कोणीही गुण मिळवला नाही.

येथे संज्ञेचा गुंता समजून घ्यावा लागतो. सेफ्टी या शब्दाचा सरळ अर्थ सुरक्षितता, आणि खेळात मात्र ती स्वतःच्या अंगावर ओढवून घेतलेली शिक्षा. हा विरोधाभास शब्दाच्या जन्मातूनच आला आहे. हा खेळ रग्बीपासून वेगळा होऊ लागला त्या दिवसांत अडचणीत सापडलेला संघ चेंडू स्वतःच्याच गोलरेषेमागे नेऊन जमिनीला टेकवीत असे आणि त्यायोगे मोठे संकट टाळीत असे. ती खरोखरच जीव वाचवण्याची युक्ती होती आणि तिच्याबद्दल काही द्यावे लागत नव्हते. साहजिकच संघ तिचा वारंवार आश्रय घेऊ लागले, सामने कंटाळवाणे होऊ लागले, आणि नियम करणाऱ्यांनी आधी १८८३मध्ये १ गुण आणि लगेच १८८४मध्ये २ गुण प्रतिपक्षाला देऊन तिला किंमत लावली. नाव जुनेच राहिले, अर्थ उलटा झाला. शिक्षा होती ती पळ काढणाऱ्या संघाला, म्हणजे हेतुपुरस्सर मागे जाणाऱ्याला. शिकागोच्या मैदानावरचा खेळाडू मागे जात नव्हता. तो पुढे येत होता.

टचबॅक आणि सेफ्टी यांत आज जो फरक केला जातो तो मुख्यतः जोराचा आहे: चेंडू कोणाच्या जोराने गोलरेषेमागे गेला? प्रतिपक्षाच्या लाथेने गेला तर टचबॅक, स्वतःच्या कृतीने गेला तर सेफ्टी. त्या दिवशीच्या घटनेला हा निकष लावून पाहिला तर चेंडू पहिल्यांदा शिकागोच्या लाथेने रेषेमागे गेला आणि दुसऱ्यांदा शिकागोच्याच खेळाडूंच्या रेट्याने. मधला एकच टप्पा, रेषेबाहेर येण्याचा, मिशिगनच्या खेळाडूचा होता. शिवाय आजच्या नियमात धावणाऱ्याला मागे ढकलले तरी तो जिथवर स्वबळावर पुढे पोहोचला होता तीच जागा धरली जाते. १९०५मध्ये पंचांनी तो शेवटी जिथे पडला ती जागा धरली. कबड्डीत मध्यरेषेकडे झेपावणाऱ्या गड्याला मागे खेचून ठेवणे हा पकड करणाऱ्यांचा हक्कच असतो, आणि त्या काळचा अमेरिकन फुटबॉल या बाबतीत आपल्या कबड्डीला आजच्यापेक्षा बराच जवळ होता. तेव्हा निर्णय त्या काळच्या रीतीला धरून नव्हता असे म्हणता येत नाही. पण एवढ्या बारीक जागेवर उभ्या असलेल्या दोन गुणांचा बोजा एकट्या खेळाडूच्या डोक्यावर टाकताना वृत्तपत्रांनी जी घाई केली, ती मात्र त्या काळची रीत म्हणून सोडून देता येत नाही. मिशिगनच्या आक्रमणाला, ज्याने आधीच्या प्रत्येक सामन्यात किमान १२ गुण मिळवले होते, त्या दिवशी एकही गुण मिळवता आला नाही. पराभवाचे ते कारण अधिक मोठे होते आणि ते कोणा एकाच्या नावावर मांडता येण्यासारखे नव्हते.

त्या खेळाडूने १९३२मध्ये आत्महत्या केली आणि बातम्यांनी तिचा संबंध २७ वर्षांपूर्वीच्या त्या धावेशी जोडला. माणसाचे पाव शतकाचे आयुष्य मधून वगळूनच अशी जोडणी करता येते; ती या टिपणात केलेली नाही.

हा सामना झाला त्या आठवड्यात फुटबॉल मुळात राहणार की नाही, हाच प्रश्न होता. ९ ऑक्टोबर रोजी राष्ट्राध्यक्षांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाऊसमध्ये बोलावून खेळातील रानटीपणा आवरण्यास सांगितले होते. २५ नोव्हेंबर रोजी न्यू यॉर्कमधील एका सामन्यात युनियन कॉलेजचा खेळाडू मृत्युमुखी पडला. हंगाम संपल्यावर वृत्तपत्रांनी मांडलेली मृतांची संख्या १८–१९च्या घरात होती, आणि त्यांत शाळकरी मुलेही बरीच होती. कोलंबिया विद्यापीठाने फुटबॉल बंद केला. स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया रग्बीकडे वळले. डिसेंबरमध्ये न्यू यॉर्कला झालेल्या बैठकांतून जी संघटना उभी राहिली, तीच पुढे महाविद्यालयीन खेळांची राष्ट्रीय संघटना झाली. १९०६च्या नियमांनी पुढे चेंडू फेकण्यास मर्यादित परवानगी दिली, तीन प्रयत्नांत पाचऐवजी दहा यार्डांची अट घातली आणि सामना ६० मिनिटांवर आणला. गोलरेषेमागचा दहा यार्डांचा आखलेला पट्टा, चौथा प्रयत्न आणि टचडाउनचे (चेंडू प्रतिपक्षाच्या गोलरेषेपार नेण्याचे) सहा गुण हे सारे १९१२मधले. १९०५च्या त्या झेलाच्या वेळी रेषेमागे असा आखीव पट्टा नव्हता.

मिशिगनच्या दृष्टीने अधिक परिणामकारक बैठक जानेवारी १९०६मध्ये शिकागोत झाली. ती बोलावण्यात पुढाकार होता मिशिगनच्याच अध्यक्षांचा. मिशिगन-शिकागोच्या भागातील, म्हणजे तेव्हाच्या भाषेत पश्चिमेकडील, विद्यापीठांच्या गटाने तिथे ठरवलेल्या सुधारणांत हंगामाला पाच सामन्यांची मर्यादा, खेळाडूला तीनच वर्षे, पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मनाई आणि प्रशिक्षक विद्यापीठाच्या नियमित नेमणुकीतला असावा अशी कलमे होती. कागदावर ती सर्वांना सारखी होती. प्रत्यक्षात शिकागोचे प्रशिक्षक आधीपासूनच प्राध्यापकवर्गात होते, तर मिशिगनचे प्रशिक्षक हंगामापुरते येत. तीन वर्षांची अट आधीपासून खेळणाऱ्यांनाही लागू केल्याने मिशिगनचे अनुभवी खेळाडू कचाट्यात सापडले. १९०६मध्ये दोन्ही संघ पाच-पाच सामने खेळले आणि दोघांनीही एकेक गमावला. त्यानंतर मिशिगन त्या गटातून बाहेर पडले ते थेट १९१७मध्ये परतले. सुधारणा चुकीच्या होत्या असे नव्हे. पण मैदानावर दोन गुणांनी जे झाले नव्हते ते या कलमांनी केले, एवढे म्हणावे लागते.

१९०५चा ‘राष्ट्रीय विजेता’ कोण, याचे सर्वमान्य उत्तर त्या वर्षी नव्हते. त्या वेळी बोलले जाई ते पश्चिमेच्या विजेतेपदाविषयी. पूर्वेकडे येलचा संघही १० सामने जिंकून अपराजित राहिला होता आणि येल व शिकागो समोरासमोर आले नाहीत. पुढे काही दशकांनी निवड करणाऱ्यांनी जुने हंगाम पुन्हा तपासून कोणी शिकागोला, कोणी येलला हा मान दिला. शिकागो विद्यापीठाने १९३९च्या हंगामानंतर मोठ्या स्तरावरचा फुटबॉल सोडून दिला. २ डिसेंबर १९४२ रोजी पहिली स्वयंपोषी अणुसाखळी प्रक्रिया घडवली गेली ती याच मैदानाच्या पश्चिमेकडील प्रेक्षागृहाखाली; १९७०पासून त्या जागी विद्यापीठाचे ग्रंथालय आहे. मिशिगन आणि शिकागो १९०५नंतर पुन्हा भेटले ते १९१८मध्ये. तो सामना मिशिगनने १३–० असा जिंकला.