प्रतिदीप्त रासायनिक संवेदक

विशिष्ट आयनाशी बंध जुळताच ज्याची प्रतिदीप्ती वाढते, विझते किंवा रंग बदलते, असा रेणू. प्रकाश शोषून त्याहून जास्त तरंगलांबीचा प्रकाश लगेच बाहेर टाकणे म्हणजे प्रतिदीप्ती. पारा, शिसे, कॅडमियम, सायनाइड यांसारखे विषारी आयन जिवंत पेशीत कुठे पोहोचले, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी असे रेणू वापरतात. अणुशोषण वर्णपटमितीने, म्हणजे धातूचे अणू किती प्रकाश शोषतात हे मोजण्याच्या पद्धतीने, धातूचे एकूण प्रमाण अचूक कळते. पण त्यासाठी नमुना सहसा आम्लात विरघळवतात आणि मग पाहायला पेशीच उरत नाही.

संवेदकात आयन पकडणारा ग्राही आणि प्रकाश देणारा दीप्तक असे दोन भाग असतात. बऱ्याच रचनांत ग्राहीतल्या नायट्रोजन अणूवर इलेक्ट्रॉनांची एकाकी जोडी असते. दीप्तक उत्तेजित झाला की तिच्यातला एक इलेक्ट्रॉन त्याच्याकडे जातो आणि प्रकाश न पडताच ऊर्जा खर्ची पडते. आयन आला की ती जोडी त्याच्याशी गुंतते, ही गळती थांबते आणि रेणू उजळतो. श्रीलंकेतून बेलफास्टला गेलेले ए. प्रसन्न डी सिल्व्हा यांनी या तत्त्वावर संवेदकांची रचना पद्धतशीरपणे उभी केली.

मूळ कल्पना मात्र बरीच जुनी आहे. मोरिन हे वनस्पतिजन्य पिवळे रंजक ॲल्युमिनियमच्या सान्निध्यात चमकते, हे फ्रीडरिख गॉपल्सरोडर यांनी 1867 मध्ये दाखवले. पेशीपर्यंतचा रस्ता अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ रॉजर त्सिएन यांनी मोकळा केला, तोही विषासाठी नव्हे, कॅल्शियमसाठी. विद्युत्भारित संवेदक पेशीपटल ओलांडत नाही. म्हणून त्यांनी त्याचे भार एस्टर गटांनी झाकले. आत गेल्यावर पेशीचीच विकरे हे गट तोडतात आणि संवेदक आत अडकून पडतो. त्यांच्या गटाच्या फ्युरा-2 (1985) या रंजकात 340 व 380 नॅनोमीटरवरच्या उत्तेजनाने मिळणाऱ्या प्रकाशाचे गुणोत्तर काढतात. त्यामुळे पेशीची जाडी किंवा रंजकाचे कमीजास्त प्रमाण फारसे आड येत नाही.

पाऱ्याचे प्रकरण अवघड. त्याचा जड अणू बहुतेक रंजकांचा प्रकाश विझवतो आणि अंधाराला इतर कारणेही असू शकतात. यावर रोडामीन या रंजकाची युक्ती उपयोगी पडली. या रेणूतले एक कडे बंद असताना तो रंगहीन असतो. उघडले की गुलाबी होऊन चमकतो. ॲन्थनी चार्निक यांच्या गटाने 1997 मध्ये ती तांब्यासाठी वापरली. पुढे रोडामीनला गंधकयुक्त गट जोडले गेले. पाऱ्याला गंधकाची ओढ जबर. तो गंधक काढून नेतो आणि कडे उघडते. ही अभिक्रिया उलटत नाही, म्हणून पारा नंतर पेशीबाहेर गेला तरी चमक राहते. अशा रेणूला संवेदक म्हणणे सैलपणाचे आहे. ‘मात्रामापक’, म्हणजे साचत गेलेली मात्रा दाखवणारा, हे नाव त्याला अधिक शोभते.

पेशीतला पारा मोकळा नसतोच म्हटले तरी चालेल. ग्लुटाथायोनसारखी गंधकयुक्त द्रव्ये त्याला आधीच धरून ठेवतात आणि संवेदकाला त्यांच्याशी झगडावे लागते. जपानमध्ये 1956 साली अधिकृतपणे नोंदल्या गेलेल्या मिनामाटा रोगात विष होते ते मिथिल पाऱ्याचे. साध्या पारा आयनासाठी घडवलेला रेणू त्याला ओळखेलच असे नाही. अनेक शोधनिबंधांतली ‘निवडकता’, म्हणजे फक्त हव्या त्या आयनालाच प्रतिसाद देण्याचा गुण, पाणी आणि सेंद्रिय द्रावकाच्या मिश्रणात तपासलेली असते. पेशीत आम्लता वाढली तरी रोडामीनचे कडे उघडू शकते, ही अडचण तिथे झाकली जाते.

फ्युरा-2 तर शिशालाही धरते, आणि कॅल्शियमपेक्षा घट्ट. म्हणून चमक दिसल्यावर टीपेन हे जड धातू पकडणारे, कॅल्शियमला जवळजवळ न शिवणारे द्रव्य पेशीत सोडतात. त्याने चमक मावळली, तर ती कॅल्शियमची नव्हती.