ओला नमुना आणि सेकंडरी इलेक्ट्रॉन: ई-सेमच्या डिटेक्टरची पार्श्वभूमी

सेममध्ये (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये) इलेक्ट्रॉनचा बीम कसा फिरतो, इमेज कशी बनते हे परत सांगत नाही, नागपुरात मटेरियल सायन्स नाहीतर टेक्स्टाइल करणाऱ्या पोरांना ते पाठच असतं. खरी अडचण येते ती संत्र्याचं ताजं साल किंवा कापसाचा तंतू आत ठेवला की. हाय व्हॅक्यूममध्ये (हवा जवळपास सगळी काढलेल्या चेंबरमध्ये) साल आक्रसतं, तेलाच्या ग्रंथी खाली बसतात, आणि कापसावर सोन्याचा थर दिला नसेल तर तो चार्ज होतो, स्क्रीनवर पांढरे पट्टे येतात, इमेज सरकत राहते, झाला फोटो वाया.

चेंबरमध्ये वाफ ठेवली तर दोन्ही त्रास कमी होतात, असा सेम म्हणजेच ई-सेम (एन्व्हायर्नमेंटल सेम). पण 0 अंशालासुद्धा पाणी द्रवरूपात टिकायला साधारण 611 पास्कल दाब लागतो, 5 अंशाला 870 च्या आसपास, आणि नेहमीचा सेकंडरी डिटेक्टर (बीमने नमुन्यातून बाहेर काढलेले कमी ऊर्जेचे सेकंडरी इलेक्ट्रॉन पकडणारा) इथेच हात टेकतो. 1960 साली आलेल्या त्या डिझाइनमध्ये सिंटिलेटरवर (इलेक्ट्रॉन आपटला की चमकणाऱ्या भागावर) 10 किलोव्होल्टच्या घरात व्होल्टेज असतं, एवढ्या वाफेत ते दिलं की सरळ डिस्चार्ज. म्हणून 1970 च्या दशकात ओल्या नमुन्यांचं काम मुख्यतः बॅकस्कॅटर्डवरच (नमुन्यावरून परत फिरलेल्या, बीममधल्याच जास्त ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनवर) चालायचं, पृष्ठभागाचं बारीक काम त्यात दिसत नाही.

1980 च्या दशकात गाडी रुळावर आली, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सगळ्यात हुशार गोष्ट हीच आहे: ज्या गॅसची अडचण होती त्यालाच अँप्लिफायर केलं. नमुन्याच्या वर, थोड्या अंतरावर एक इलेक्ट्रोड, त्यावर फक्त काहीशे व्होल्ट पॉझिटिव्ह. नमुन्यातून निघालेला सेकंडरी इलेक्ट्रॉन (50 इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आतला) वर ओढला जातो, वाटेत वाफेच्या रेणूला धडकतो, तिथून आणखी एक इलेक्ट्रॉन सुटतो, मग ते दोघं पुढे धडकतात, असं करत सिग्नल शेकडो पट वाढतो. मागे राहिलेले पॉझिटिव्ह आयन खाली नमुन्याकडे येतात आणि साचलेला चार्ज मारतात, म्हणूनच कापूस बिनसोन्याचा बघता येतो.

आता वादाचा मुद्दा, जो अजून पूर्ण मिटलेला नाही. इलेक्ट्रोडवर जे येतं ते सगळं सेकंडरीच का? नाही ना! बॅकस्कॅटर्ड इलेक्ट्रॉनसुद्धा जाता जाता वाफेचं आयनीकरण करतात, खाली येणारा मूळ बीमही करतो, वर पोलपीसला (लेन्सच्या खालच्या धातूच्या टोकाला) आपटून निघणारे वेगळेच. सुरुवातीच्या एका प्रसिद्ध रचनेत शेवटचं प्रेशर लिमिटिंग ॲपर्चर (बीम जाऊ देणारं पण वाफ वर जाण्यापासून रोखणारं बारीक छिद्र) आणि डिटेक्टर एकच शंकूसारखा तुकडा होता. या रचनेच्या बाजूने म्हणणं असं की सेकंडरी अक्षाजवळून वर येतात, बॅकस्कॅटर्ड बाजूला पसरतात, त्यामुळे वेगळेपणा आपोआप साधतो. हे बऱ्याच अंशी खरं आहे, पण दाब आणि वर्किंग डिस्टन्स (लेन्स आणि नमुन्यातलं अंतर) वाढवलं की पार्श्वभूमीचा सिग्नल चढत जातो, आणि तेव्हाही त्या इमेजला सेकंडरी इमेज म्हणणं मला पटत नाही. नंतर कडीसारखा इलेक्ट्रोड ॲपर्चरपासून वेगळा करून आला, तो हाच नको असलेला भाग कापायला.

पुढचा प्रवास झपाट्याने झाला. कमी दाबासाठी मोठ्या फील्डचा डिटेक्टर आला, गॅसमध्ये निघणारा उजेड फोटोमल्टिप्लायरने (मंद उजेड वाढवून मोजणाऱ्या नळीने) टिपणारे आले, चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन फिरवत ठेवून त्यांची वाट लांबवणारे आले. मधल्या काळात आणखी एक भानगड लक्षात आली, आयन जास्त साचले तर ते सेकंडरी इलेक्ट्रॉन गिळतात, आणि अंधारलेला भाग खोलगट वाटतो पण तसा नसतो.

म्हणून कोराडीच्या वीज केंद्राची फ्लाय ॲश (कोळशाची राख) असो की कपाशीचा तंतू, थिसिसमध्ये ई-सेमचा फोटो टाकताना किलोव्होल्ट आणि मॅग्निफिकेशनसोबत दाब, गॅस, इलेक्ट्रोडचं व्होल्टेज आणि वर्किंग डिस्टन्सपण लिहा, नाहीतर दोन फोटोंची तुलनाच करता येत नाही.